वारा म्हणेल तर

काउंटरमागच्या भिंतीवर मीच चिकटवलाय कागद :
कौसुइत्तुक ते औजुइत्तुक,
अंतर सुमारे तीनशे नव्वद किलोमीटर,
उड्डाण दीड तास.
खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, ‘वारा म्हणेल तर’.
खोडावं म्हणते. खोडत नाही.

पहिल्या नावाचा अर्थ, जिथं उजाडत नाही.
दुसऱ्याचा, जिथं वितळत नाही.
न उजाडण्यापासून न वितळण्यापर्यंत
जमलं तर आठवड्यातून दोन विमानं.
रस्ता? नाही. विचारू नका.

मंगळवारी सीपोरा आली दक्षिणेच्या इस्पितळातून,
अकरा दिवसांची मुलगी पाठीवरच्या टोपात घेऊन.
विमान लहान, त्यामुळं माणसंही सामानासारखी तोलायची.
बूटबीट सगळ्यासकट तिला काट्यावर उभं केलं,
विचारलं, बाळाचं वेगळं लिहू?
‘लिही. वेगळीच आहे ती. आगियाक.’

आगियाक.
तिच्या सासूची, मालायाची आई. ऑक्टोबरात गेली.
तिलाही शेवटचं मीच तोललं होतं,
सत्तेचाळीस किलो, जाड कोट धरून.
‘मासे जास्त झाले गं,’ म्हणाली होती.
आता लिहिलं : आगियाक, चार किलो दोनशे.
आमच्यात नाव दिलं की माणूस परत येतं,
बाकीचं मग सावकाश वाढतं.

एक वाजून दहाला विमान उडालं.
पावणेतीनला मालायाचा फोन :
‘आवाज आला. पोट दिसलं विमानाचं, चाकं दिसली,
डोंगराला लागून दोनदा फिरलं,
मग आवाज बारीक झाला.’
वारा, मी म्हटलं.
‘वारा मला दिसतोय. आई कुठाय?’

चार वीसला सीपोरा पुन्हा माझ्यासमोर,
त्याच बुटांत.
उड्डाण तीन तास दहा मिनिटं,
अंतर शून्य.
माझ्या वहीत असा रकाना नाही.
‘लाल कोट दिसला सासूचा,’ ती सांगत होती,
‘हात हलवत नव्हती.
दोन्ही हात पुढं पसरून उभी होती,
जसं आम्ही वरून खालीच सोडणार होतो पोरीला.’

हॉटेल खडक शोधणाऱ्यांनी भरलेलं,
म्हणून दोघी माझ्याकडं राहिल्या.
बुधवारी वारा. गुरुवारी वारा.
शुक्रवारी आभाळ निवळलं तर विमानाचा एक सुटा भाग
दुसऱ्याच गावी जाऊन पडलेला.
शनिवारचं आठवत नाही.

रोज रात्री फोन. सीपोरा तो बाळाच्या कानाशी धरायची,
आणि पलीकडून सत्तरीची बाई
आपल्या आईला दिवसभराचं सांगायची :
धाकट्याला सील मिळाला, काळ्या कुत्रीला पाच पिल्लं झाली,
तुझा दिवा घासून ठेवलाय,
आणि ते ऑक्टोबरातलं,
मी जे बोलले होते, ते मनावर घेऊ नकोस.
मी भांडी धूत होते. नळ मोठा केला.
आगियाक ऐकत होती की झोपली होती, कुणास ठाऊक.

सोमवारी पुन्हा काट्यावर :
चार किलो तीनशे ऐंशी.
‘वाटेतच वाढायला लागली,’ सीपोरा म्हणाली,
तिला हसू आवरेना, मग एकदम रडूही.

साडेबाराला उडालं.
दोन वाजले. सव्वादोन.
फोन नाही.
अडीचला मी रिसीव्हर उचलून पाहिला,
चालू आहे ना.

चालू होता.