चौथ्या शंकरपाळ्याचं टोक

बुधवारी संध्याकाळी सातला
हेर्बोर्गच्या स्वयंपाकघरात आम्ही सहाजणी.
मासळीच्या कारखान्यातून थेट आलेल्या,
हातांना कॉडचा वास,
कितीही लिंबू चोळा, जात नाही.
ती म्हणते, राहू दे गं,
लोकरीलाही मेंढीचा वास असतोच,
दोघं नांदतील.

पहिल्या हिवाळ्यात मला इथली भाषा येत नव्हती.
सुलट-उलट तेवढं कळायचं.
ती आइन, त्वेय, त्रुई म्हणत टाके घालायची,
मी मनात उसा, दुहा, तुलो म्हणत उचलायचे.
ओळीच्या शेवटी आकडा जुळला
की माझ्या कॉफीत साखरेचा एक खडा जास्त.
उसवायला मात्र तिनं सगळ्यात आधी शिकवलं.
जिला उसवायचा राग येतो
तिच्या हातात सुया देत नाहीत म्हणाली.

आमच्या सामारला लोकर नाही.
दलदलीतलं गवत आहे.
वाळवायचं, रंगात उकळायचं,
आणि उन्हात तडकू नये म्हणून
गुहेच्या तोंडाशी बसून विणायचं.
पुरिंग मावशीचे गुडघे त्या दगडावर
चटईइतकेच चपटे झाले होते.
तिची एक चटई मी इकडे आणली, गुंडाळून,
विमानात मांडीवर, तान्ह्या मुलासारखी.
हेर्बोर्गनं ती जमिनीवर पसरली,
चष्मा काढला (तिला आता अंगठ्यानंच जास्त दिसतं),
नक्षीवरून हळू अंगठा फिरवला
आणि म्हणाली, मिंडा,
हे कार्डिगन आहे.

मग चौकटींचा कागद, पेन्सिल, खोडरबर.
मावशीचा शंकरपाळा अकरा घरांचा.
बारा कर, नाहीतर खांद्याशी भांडशील.
केले बारा.
पांढरी, राखाडी आणि ती करपलेल्या साखरेच्या रंगाची,
मेंढ्यांनी दिली तशीच, न रंगवलेली लोकर.
फक्त चौथ्या शंकरपाळ्याच्या टोकाचं एक घर
चटईत रिकामं होतं.
गवत संपलं असेल, कुणी हाक मारली असेल,
विचारायला मावशी उरली नाही.
ते मी भरलं नाही.
हेर्बोर्गचा अंगठा तिथं थांबला,
आणि पुढे गेला.

फेब्रुवारीत विणून झालं,
घंटेसारखं बंद, पुढून कुठेच न उघडणारं.
तिनं मशीनवर दोन बारीक शिवणी घातल्या
आणि त्यांच्या मधोमध ठेवली कात्री.
काप.
चार महिने.
काप, लोकर लोकरीला सोडत नाही.
मी पहिला घाव घातला तेव्हा
बाकीच्या पाचजणी बोलायच्या थांबल्या,
रानवानं तर डोळेच मिटले.
करकर आवाज झाला, दुसरं काही नाही.
एकही टाका पळाला नाही.
छाती उघडली आणि आतून दिसले
सगळे उलट धागे, माझी सगळी घाई.

तो कागद नंतर कुणीतरी मागून नेला,
तिनं आणखी कुणाला दिला.
हेर्बोर्ग देऊन टाकते, रताळ्याच्या वेलासारखं,
लाव म्हणते.

परवा फेरीबोटीवर एक बाई, अनोळखी,
शाळेच्या वह्या तपासत बसलेली.
अंगावर मावशीचे शंकरपाळे.
निळे! कॉलरही वेगळी.
आधी मला राग आला, खोटं कशाला बोलू.
मग मी वाकून मोजले, एक, दोन, तीन,
चौथ्याच्या टोकाला
एक घर रिकामं.

छान आहे, म्हटलं.
जुना नमुना आहे, ती म्हणाली,
उत्तरेकडच्या बेटांवरचा, फार जुना.
इथं एक टाका राहिलाय, मी बोट ठेवलं.
तो तसाच असतो, ती म्हणाली,
नव्या मुलीला सांगावं तसं, प्रेमानं.
हो, म्हटलं. तो तसाच असतो.

तिचं वरून दुसरं बटण सैल झालं होतं.
ते मात्र मी सांगितलं.