जा. क्र. ११४ च्या अनुषंगाने

महोदय,
आपलं पत्र शुक्रवारच्या तरीतून आलं.
नावाड्याने प्लास्टिकात गुंडाळून आणलं होतं,
तरीही एक कोपरा खारा झाला.
विषय: इयत्ता तिसरी, संकलित चाचणी,
निकाल ऐंशीवरून चाळीस टक्क्यांवर घसरल्याबाबत.
तीन दिवसांत लेखी खुलासा.

खुलासा असा, की
आमच्या तिसरीत पाच मुलं आहेत.
एक मूल म्हणजे वीस टक्के.
वीस टक्क्यांना परवापासून सर्दी आहे,
वीस टक्के पेन्सिलीचं टोक चावतात.

अफ्फान होडेकर, गैरहजर.
त्या पहाटे बापाच्या जाळ्याला बांगडा लागला होता,
बंदरावर लिलाव संपेपर्यंत
टोपल्या मोजायला घरात दुसरं कुणी नव्हतं.
त्याने मोजल्या. एकशे सदतीस.
हा आकडा तक्त्यात कुठल्या रकान्यात भरायचा,
कळवावे.

सुजन बुढा नोव्हेंबरात आला.
आईबाप वरच्या सड्यावर आंब्याची बाग राखतात,
जूनमध्ये नेपाळला परत जातील.
लिपी एकच, त्यामुळे उतारा धडाधडा वाचतो,
साऱ्या वर्गात त्याचंच वाचन स्वच्छ.
खाली काय विचारलंय ते कळत नाही.
घर, हात, आणि जवळजवळ पाणी,
एवढ्या ओळखीच्या शब्दांवर
त्याने चौदा गुण मिळवले.

वेदश्री डोर्लेकर. गणित, प्रश्न सहावा:
तीन मच्छीमारांनी बारा किलो मासळी
सारखी वाटून घेतली, तर प्रत्येकाला किती?
तिने लिहिलं, तीन.
मी लाल पेनाने खाली लिहिलं, चार.
पेपर वाटले तेव्हा ती जागची उठून आली,
"बाई, न् होडीचा वाटा?"
मी घाटावरची. समुद्र पाहिला
तो नेमणुकीच्या दिवशी.
होडीला वाटा असतो, हे मला ठाऊक नव्हतं.
उत्तरसूचीलाही नव्हतं.
शून्य तसाच ठेवला.
तेवढ्या दोन गुणांनी ती खाली राहिली.

इथवरचं लिहून झालं,
सही करायची म्हणून पेनाचं टोपण काढलं,
आणि सही होईना.

महोदय, गेल्या वर्षीचे ऐंशी.
मी बाकांमधून फिरत होते.
स्वरूप जुवळेची पेन्सिल चुकीच्या पर्यायावर थबकली
आणि माझं बोट बरोबर पर्यायावर.
थबकलं, एवढंच. मी बोलले काही नाही.
मग पुढच्या बाकापाशीही थबकलं.
सभेत आपण मला श्रीफळ दिलंत.
त्याच्या वड्या करून मी वर्गात वाटल्या.
स्वरूपने घेतली नाही.
म्हणाला, पोट भरलंय.

यंदा मी परीक्षाभर खिडकीपाशी उभी होते,
हात मागे.
तेव्हा घसरलं म्हणाल, तर काही घसरलेलं नाही.
आम्ही होतो तिथेच होतो,
मीच एक वर्ष खोटी शिडी लावली होती.
यात मुलांचा दोष किती टक्के
आणि माझा किती,
हे मला काढता आलं नाही.
गणित माझंही कच्चं आहे, असं समजावं.

हे सारं वहीतच राहिलं.
कार्यालयात गेलं ते चार ओळींचं:
अध्ययनस्तर उंचावण्यासाठी जादा तास घेण्यात येतील,
पुढील चाचणीत अपेक्षित प्रगती दिसून येईल.
कळावे.

सोमवारी फळ्यावर मी तीन माणसं काढली.
वेदश्रीने शेजारी होडी काढली, शिडाची,
गावात शिडाची होडी आता एकही नसताना.
तीन माणसं, एक होडी, चार वाटे, प्रत्येकी तीन.
मी दोन गुण देणार, एवढ्यात
अफ्फान मागून ओरडला,
"जाळ्याचा वाटा ऱ्हायला!"
सुजनला काय कळलं कोण जाणे,
उठला आणि होडीवर त्याने जाळं काढलं, गाठीगाठीचं.

बाराला पाचाने भाग जाईना.
दोन किलो मासळी उरली.
तास संपला तरी
ती कुणाची, यावर भांडण चालू होतं.