निधन वार्ता, पान चार

बस. आधी पेन घे, माऊस नंतर.
ही बातमी पहिल्यांदा हातानं लिहायची,
हात जरा अडखळतो, तेवढाच मान.

नाव पूर्ण घ्यायचं. वय विचारल्यावर
समोरचा गोंधळला तर थांब.
शाळेच्या दाखल्यावरचं एक, आईनं सांगितलेलं एक,
आपल्याकडे बहुतेकांना दोन वयं असतात.
'अल्पशा आजाराने' आपोआप उमटू देऊ नकोस.
आजार अकरा वर्षं चाललेला असतो
आणि ती अकरा वर्षं चादरी बदलणारी
तुझ्यासमोरच उभी असते, सुटे पैसे मोजत.
'मनमिळाऊ' रोज सात जण असतात.
आज आठवा नको.

'पश्चात' सांभाळून.
मी एकदा लिहिलं, गंगापूर रोडच्या एका डॉक्टरांचं,
'त्यांच्या पश्चात्ताप पत्नी, दोन मुले, सुना असा परिवार आहे.'
छापून आलं. घरचे काही बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी जेलरोडहून पोस्टकार्ड, लाल शाईत :
पान चार, स्तंभ दोन, ओळ सहा.
आणि खाली, 'चूक आहे. खोटं असेलच असं नाही.'
सही : का. त्र्यं. बिरारी.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
तिकिटांचे ताव तपासणारा माणूस.
कडेचा एक दात तुटका असला
तर आधी बोटाला कळायचं, डोळ्याला मग.
रिटायर झाल्यावर तपासायला आम्हीच उरलो.
दर गुरुवारी कार्ड. ऱ्हस्व, दीर्घ, दशक्रियेचा चुकलेला वार.
एकदा जिवंत माणसाचा फोटो आम्ही
मेलेल्याच्या चौकटीत टाकला,
त्यावर फक्त एक उद्गारचिन्ह.
मी कधीच उत्तर दिलं नाही.
हे लिहून घेऊ नकोस.

परवा त्याची मुलगी आली, वैजयंता,
रिक्षा खाली थांबवून.
फोटो म्हणून प्रेसचा जुना पास,
गोल शिक्का अर्ध्या कपाळावरून गेलेला.
'काढता येईल का हा?' म्हणाली.
येईल म्हणालो, तर तीच म्हणाली, 'राहू द्या.'
'प्रेमळ, लिहू?'
ती खिडकीतून खाली शालिमारचा चौक बघत राहिली.
'माझ्या लग्नाच्या पत्रिकेत एक मात्रा राहून गेली होती.
चारशे पत्रिका.
रात्रभर बसून हातानं दिली त्यांनी, प्रत्येकीवर.
माझ्याशी मात्र एक शब्द नाही.
याला प्रेमळ म्हणत असतील तर लिहा.'

सात सेंटिमीटरमध्ये हे बसणारं नव्हतं.
मी लिहिलं :
काशीनाथ त्र्यंबक बिरारी, वय ८१, रा. जेलरोड,
निवृत्त तपासनीस, यांचे निधन झाले.
दसकच्या अमरधाममध्ये अंत्यसंस्कार.
पश्चात मुलगी, जावई, एक नात.
'तपासनीस' एवढा एकच शब्द माझा.
फॉर्मवर तिनं 'कर्मचारी' लिहिलं होतं.

चार वेळा वाचलं. मोठ्यानं. मग उलटं,
शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे,
त्यानंच एका कार्डात शिकवलं होतं तसं.
उलटं वाचलं की अर्थ मध्ये येत नाही,
नुसती अक्षरं दिसतात.

आज सकाळी, पान चार :
काशिनाथ.
पहिली वेलांटी.
मशीननं केली, मी केली, कुणास ठाऊक.
दुपारपर्यंत फोनजवळ बसलो.
एका माणसानं निविदेचा दर विचारला.
एकीचं मांजर हरवलं होतं.
वैजयंताचा नाही. कुणाचाच नाही.
एवढ्या मोठ्या गावात
कुणाच्या बोटाला काही टोचलं नाही.

तर लिही, पोरी.
शुद्धिपत्र. यातली द्धि पहिली, हे मला येतं.
शी दुसरी.
एक सेंटिमीटर जागा धर, उद्या नको,
गुरुवारच्या अंकात.
बिल माझ्या नावावर.