चिंचोके

सभा आठची. सुरू झाली साडेदहाला,
कारण मोहफुलं वेचून बाया परतल्याशिवाय
आमच्या कोसमटोल्यात कोरम भरत नाही.

विषय एक : शाळा समितीचा अध्यक्ष कसा निवडावा.
विषय दोन : तेंदूपत्त्याच्या पैशातून शाळेला किती.
वहीत दोन्हींच्या मध्ये मी
अर्धं पान कोरं सोडलं. अनुभव आहे.

येरमे गुरुजींनी शासन निर्णय वाचला.
इतके पालक, त्यात निम्म्या बाया,
इथवर सगळ्यांना कळलं.
हात की चिठ्ठी, हे मात्र कुठं सापडेना.
गुरुजींनी कागद उलटून
मागची कोरी बाजूही वाचून पाहिली.

"हात वर करा न बाप्पा, संपवा," लटारी बावणे म्हणाला.
तो स्वतः उभा होता. त्याचं किराणा दुकान.
उधारीची वही त्यानं सोबत आणली नव्हती,
तरी हात वर करताना
ती प्रत्येकाला दिसली असती.

मानकुवर पोटावी बसल्या जागेवरूनच बोलली,
"हात सगळ्याईले दिसते. चिठ्ठी टाका."
"अर्ध्याईले लिवता येत नाई, चिठ्ठी कायची टाकता?"
"म्हून त शाळा पाह्यजे," मागून कोणी तरी.
हशा झाला. तो मी लिहिला नाही.

चिंचोक्यांचं पैकू म्हाताऱ्यानं काढलं.
पालकामागे एक. शाळेच्या खोलीत दोन मडकी,
काळं लटारीचं, लाल जैवंता हिचामीचं.
दार लोटून एकेकानं आत जायचं.
कच्चे चिंचोके कोणाच्या घरी निघेनात,
म्हणून भाजलेलेच वाटले, मोजून एकेचाळीस.

काळ्यात एकोणीस निघाले. लाल्यात एकोणीस.
पुन्हा मोजले, तरी तेच.

"माहा म्या खाल्ला," डोलू नैताम म्हणाला,
"आठपासून उपाशी हावो."
पैकूचा त्याच्याच मुठीत, घामानं ओला :
"दोघंई माह्येच. कोणाच्या मडक्यात टाकू?"
तिसरा सापडेना.

खाल्लेलं मत धरायचं की बाद,
यावर ऊन ओट्यावरून खाली उतरेपर्यंत बोलणं झालं.
मी फक्त "चर्चा झाली" असं लिहिलं.

तेव्हा जैवंता उठली. पहिल्यांदाच.
"माणूस मागं राहू द्या. पैसा किती हाय ते सांगा."
पासबुक माझ्याच पिशवीत होतं.
मजुरी, बोनस, फाळणीचा खर्च जाऊन
शाळेला देता येतील, अडतीस हजार दोनशे.

तिनं दोन्ही मडकी जमिनीवर पालथी केली.
"हे अडतीसच हायेत. एक म्हंजे हजार."
आणि पाच-पाचचे ढीग लावत गेली :
गुरुजी एक, वर्ग पाच.
गुरुजी धानोऱ्याला टपाल घेऊन गेले
की त्या दिवशी शाळा म्हणजे नुसता गलका.
दुसरी बाई ठेवायची, महिना पाच हजार, दहा महिने.
सात ढीग झाले. वर तीन उरले.
"बारा कमी," चौथीतली एक पोर दारातून म्हणाली.
तिला कोणी विचारलं नव्हतं.

लटारीला शाळेपुढे कमान हवी होती, नाव कोरलेली.
तो बराच वेळ ढिगांकडे पाहत बसला.
मग बंडीच्या खिशातून काढून
एक चिंचोका त्यानं त्या तिनांजवळ ठेवला.
का ठेवला होता खिशात, कोणी विचारलं नाही.
त्यानंही सांगितलं नाही.

पैकूनं मूठ उघडली.
"पैसे नाई माह्यापाशी. कवेलू फेरून देतो, चार दिवस."
सगळे डोलूकडे वळले.
"मायाकडं काय पाहता? माहा त पोटात हाय!"

ठराव लिहिला :
विषय एक, पुढील सभेत.
विषय दोन, मंजूर. दहा कमी.
सह्या सतरा, बाकी अंगठे.
कोरं सोडलेलं अर्धं पान पुरलं नाही,
समासात लिहावं लागलं.

चिंचोके तसेच ढिगानं खोलीत राहिले.
सकाळी शाळा भरली,
आणि प्रार्थनेआधीच पोट्ट्यांनी
नव्या बाईचा आठ महिन्यांचा पगार
चघळून संपवला.