वाऱ्याचे पैसे

फेब्रुवारीत, अंदाजपत्रकाच्या दिवसांत,
जेवणं झाली की मी नमुना एक पुढ्यात घेऊन बसतो.
जमा डावीकडे, खर्च उजवीकडे,
मधली रेघ मीच पट्टीनं ओढलेली.
तेवढी सरळ आहे.

तीनशे बारा नळ. महिना एकशेवीस.
गुणाकार पाठ झालाय.
सगळ्यांनी भरले, अगदी एकूण एकांनी, तरी वर्षाकाठी
पंपाच्या वीजबिलाला सहा हजार सातशे वीस कमी पडतात.
आणि सगळे भरत नाहीत.
मग टीसीएल पावडर, मोटारीचं वायंडिंग,
खाडीच्या अंगानं दर पावसाळ्यात उघडी पडणारी पाइपलाइन,
गणू धुरीचं मानधन, चार महिने थकलेलं.
तो मागत नाही,
म्हणून तो समोरून आला की मी पेनाचं टोपण शोधत बसतो.

वरच्या वाडीत खानोलकरांचं निवास-न्याहारी.
आठ खोल्या, आठ शॉवर,
पाहुण्यांचे वाळूचे पाय धुवायला अंगणात वेगळा नळ.
एकशेवीस.
खाली बंदरवाडीत, लाइनीच्या शेपटाला, हसीना वस्ता.
दोन हंडे, एक कळशी;
मासळीची पाटी विहिरीच्या मचूळ पाण्यात खंगाळते.
एकशेवीस.
शाळेत याला समानता म्हणायचे.
मी फळ्यावरून उतरवून घेतलं होतं, सुवाच्य अक्षरात.

दोन वर्षांमागं मीटर लावून पाहिले.
पाणी सोडलं की बंदरवाडीत आधी वारा पोचतो.
नळ फुसफुसतो, खोकतो, दहा-दहा मिनिटं,
आणि मीटरचा काटा गरगर फिरतो.
हसीनाबीनं बिल माझ्या टेबलावर ठेवलं.
"भाऊ, पाण्याचे मी देतंय. वाऱ्याचे कित्याक देऊ?
वारो काय पंचायतीचो?"
मी नियमांचं पुस्तक काढलं.
वाऱ्यावर त्यात काही नव्हतं.

यंदा टप्पे पाडलेत.
महिन्याचे पहिले सहा हजार लिटर साठ रुपयांत,
पुढे चढता दर, व्यवसायाला वेगळा.
ज्या घरांच्या किल्ल्या विरारला राहतात त्यांना निम्मा,
कारण नळ वापरला नाही तरी पाइप त्यांच्या दारावरूनच जातो.
शेपटाच्या मीटरांना वाऱ्याची वजावट, दहा टक्के.
दहा का, तर नऊ म्हणायला धीर झाला नाही.

सरपंच शेवंती तांडेल यांनी कागद दोनदा वाचला.
"बरोबर आसा," म्हणाल्या, "म्हणान जड जातला."

ग्रामसभेत खानोलकर उठले.
"पाहुणे मी आणतो. बंदरवाडीची सुरमई शिजते कोणाच्या चुलीवर?"
हेही खोटं नव्हतं.
हसीनाबी खाली बघत पदराचं टोक पिळत होती,
गिऱ्हाईक आणि शेजारी एकाच माणसात बसला की
असंच कुठंतरी बघावं लागतं.
मग कोणीतरी स्मशानशेडचा हिशेब विचारला,
कोणीतरी रस्त्यावरच्या बंद दिव्याचा,
आणि मोजलं तर माणसं पुरत नव्हती. सभा तहकूब.

तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.
पुढल्या मंगळवारी एकोणीसजण होतो.
ठराव झाला. अकरा हात वर,
खानोलकरांचा नाही. हसीनाबीचाही नाही; ती आलीच नव्हती,
त्या दिवशी होड्या भरून आल्या होत्या.

आता मागणीची यादी भरतोय, घर क्रमांक एकपासून.
बावीस नंबर माझं.
लाइनीच्या तोंडाशी; गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी,
भरून वाहते तेव्हा माडाच्या आळ्यात जाते.
मी तिसरा टप्पा लिहिला.
बायको पाठीमागून म्हणाली, "दुसऱ्यात बसलो असतो आपण."
बसलो असतो.

पहाटे चारला गणूची सायकल वाजते.
व्हॉल्व्ह फिरवायला जातो,
आणि बंदरवाडीला वेळापत्रकापेक्षा वीस मिनिटं जास्त देतो,
कित्येक वर्षं, कोणाला न विचारता.
मला ठाऊक आहे. विजेच्या बिलात दिसतं.
ती वीस मिनिटं कुठल्या रकान्यात घालायची
ते मी अजून ठरवलेलं नाही.
पेन्सिलीनं लिहिलीत, खर्चाच्या बाजूला,
फिकट.