चतुःसीमा

वाद मिळकत येणेप्रमाणे:
पूर्वेस काशिनाथ वाण्याची भट्टी,
मध्ये भिंत, भिंतीत झरोका,
पश्चिमेस बोळ, बोळात तुंबलेली गटार,
दक्षिणेस रस्ता,
उत्तरेस मयत दगा शिंपीच्या वारसांची पडीक जागा.
आतल्या दहा बाय चौदा फुटांत
इसाक पिंजारीचं पिंजणयंत्र, गाद्यांच्या खोळी,
आणि महिना नव्वद रुपये भाडं,
सत्त्याऐंशीपासून.

मी अमळनेर कोर्टाचा बेलीफ.
ह्या शटरवर सात वेळा कागद डकवलाय.
दोनदा तर खळ त्यानंच करून दिली.
वर म्हणाला, "नीट चिटकाड भाऊ, वारा शे आज."

वाण्याचं म्हणणं: हा पिंजतो, कापूस उडतो,
झरोक्यातून येऊन शेवेच्या घाण्यात पडतो.
गिऱ्हाईक दातातून तंतू काढून दाखवतं.
पिंजाऱ्याचं म्हणणं: तेलाचा धूर माझ्या रुईत बसतो.
लग्नाची गादी परत आली एकदा दोंडाईच्याहून,
नवरी म्हणे, भज्यांवर निजल्यासारखं वाटतं.
दोघांचंही खरं होतं.
म्हणून तर चौदा वर्षं लागली.

भाडं मनिऑर्डरनं जायचं.
दुकानातून पोस्टात, पोस्टातून शेजारच्या दारात,
तिथून 'घेण्यास नकार' हा शेरा घेऊन
परत दुकानात.
पोस्टमन तीन बदलले. शेरा तोच.

दाव्यात कलम चार: वादीच्या मुलास
स्वतंत्र धंद्यासाठी जागेची प्रामाणिक गरज आहे.
मुलगा, हेमराज, सुरतला.
उधन्यात साड्यांच्या पार्सलांवर नंबर टाकतो.
दिवाळीत एसटीत भेटला,
म्हणाला, रेशनकार्डही आता तिकडचंच.
मी कुठं बोललो नाही.
बेलीफानं कागद पोचवायचा, बातमी नाही.

मग साहेबांनी मध्यस्थीला पाठवलं.
खोली म्हणजे जुनी रेकॉर्डरूम,
तीन खुर्च्या, एक मान न फिरवणारा टेबलफॅन.
त्याचं तोंड कुणाकडे करायचं
ह्यात पहिली दहा मिनिटं गेली.
निकुंभ मॅडमनी शेवटी तो भिंतीकडे केला.

आतलं बाहेर सांगायचं नाही असा नियम आहे,
पण दाराला कडी नव्हती.
पहिल्या दिवशी आकडे.
दुसऱ्या दिवशी तेच आकडे, मोठ्यानं.
तिसऱ्या दिवशी बराच वेळ काहीच नाही.
मग वाण्याचा आवाज, बारीक:
"पोऱ्या येवाव नही आते."

पंखा भिंतीला वारा घालत होता.

मग इसाक: "मनं मशीन बी
वरीसमां दोनच महिना चालस.
लोके फोमनी गादी लेतस."

मला वाटलं, मिटलं.
कुठलं काय. त्यानंतर झरोका बुजवायच्या
चाळीस विटांवरून दीड तास.

तडजोड पुरसिस, पान दोन:
भाडं अठराशे, दर तीन वर्षांनी दहा टक्के.
पिंजण सकाळी अकराच्या आत, कढई अकरानंतर.
मागचे चार फूट वाण्याला, बेसनाच्या पोत्यांसाठी.
विटा अर्ध्या-अर्ध्या.
मनिऑर्डरींचं कमिशन कुणी कुणाला मागायचं नाही.
इसाकनं विचारलं, सही मराठीत करू का उर्दूत?
वाणी मान वर न करता म्हणाला,
"पावतीवर करायचास तशीच कर."

परवा सहज गेलो, हातात काही नव्हतं.
इसाक शटर खरवडत होता.
सात थर. वरचे पाच निघाले,
खालचे दोन काही केल्या निघेनात.
खळ त्याचीच होती.
अकराला दहा कमी होते
आणि शेजारी कढई चढलेली, तेल तापलेलं.
इसाकनं घड्याळाकडं बघितलं.
मग माझ्याकडं.
मी काही बोललो नाही.
माझ्याकडे कागद नव्हता.