रंगाचा रकाना

वादळात ओक पडला नसता
तर हा गुरांस खालूनच पाहिला असता,
धुक्यात एक पांढरा ठिपका, तोही मान दुखेपर्यंत.
हिशे म्हणाला, आता तोच उतरून आलाय.
बसा, मोजून घ्या.

गुडघ्यावर वही घेतली.
पान : वरून फुगीर, सुरकुतलेलं,
शिरा आत रुतलेल्या, गोधडीत टाका रुततो तशा.
पालथं केलं की दाट लोकर, गंजाच्या रंगाची.
मुळं मातीत नाहीत, शेवाळात.
दुसऱ्याच्या खांद्यावर जन्म काढणारं झुडूप,
पण बांडगूळ नव्हे, हे हिशेने दोनदा बजावलं :
झाडाचं काही खात नाही. नुसतं बसतं.

फुलं तीन, फांदीच्या टोकाला.
नरसाळ्यासारखी, कडा सैल.
पांढरी. पाठीवर किंचित गुलाबी,
घशात पिवळा डाग.
पुंकेसर मी नऊ मोजले.
दहावा त्याने दाखवला,
त्यावर मुंगी होती.

वासाला रकाना नव्हता.
जायफळ, मी म्हणाले.
छे, तो म्हणाला, रात्रभर भट्टीत वेलदोडे वाळवून
पहाटे बाहेर आलं की
पहिला श्वास येतो ना, तसा.

एक डहाळी मी कागदात दाबली.
उरलेलं झुडूप त्याने शेवाळासकट उचललं,
सिस्नूच्या सुताने शेजारच्या ओकला बांधलं.
गाठ मारताना काहीतरी पुटपुटला.
मी विचारलं नाही.

आठवड्याने गंगटोकला कागद उघडला.
पांढरं गेलं होतं, उरला चहाचा डाग.
असंच होतं. कपाटातली सगळी पांढरी फुलं
तपकिरी होतात,
म्हणून तर रंगाचा रकाना.
पन्नास वर्षांनी कुणी येईल
आणि केवळ माझ्या अक्षरावर विसंबून
म्हणेल, पांढरं होतं.

'पांढरे' लिहिलं. खोडलं.
'पांढरे, आतून उजेड असलेले' लिहिलं.
तेही खोडलं, साहेब हसले असते.
शेवटी पुन्हा 'पांढरे'.

हिशेचा फोन तिसऱ्या वसंतात :
बांधलेलं जगलंय. नवी पानं आलीत,
खाली लोकर आहे.
फूल?
नाही.
सूत केव्हाच कुजून पडलं,
आता आपलं आपण धरून बसलंय.
वहीत काही लिहू नका एवढ्यात.